डाव्या कोपऱ्यातला वाक

॥ श्री ॥
भिसेगाव, कर्जत
गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४

ती. सुनंदाअक्का हिस,
साईनाथचा सा. न. वि. वि.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमच्या घरातला एकमेव मोबाईल सुनीलच्या खिशात असतो. जे लिहायचं आहे ते तुझ्या लेकाच्या नजरेखालून जायला नको, म्हणून दुधाच्या टेंपोवाल्या मनोजच्या हाती हे पाकीट देतो आहे. तो रोज खालापूरला येतोच. उत्तरही त्याच्याकडेच दे. तीस वर्षं गॅरेजात पत्रे ठोकून कान घालवलेस, पण डोळे अजून माझ्यापेक्षा चांगले आहेत.

आधी गुडघा कसा आहे ते कळव. डॉक्टरांनी दोन महिने घराबाहेर पडू नको म्हटलंय, ते ऐकतेस की भिंत धरून गॅरेजच्या शटरपर्यंत चकरा मारतेस?

आता मुद्दा. दाजी गेल्यापासून तुमची जीप माझ्या अंगणात उभी आहे. परवा सुनीलचा फोन आला. ३१ ऑक्टोबरला तिच्या नोंदणीची मुदत संपते, पासिंग होण्यासारखी ती राहिली नाही, तेव्हा एक नोव्हेंबरला भंगारवाला येऊन घेऊन जाईल, असं म्हणाला. आईला विचारलंस का, असं मी विचारलं. आई काही बोलली नाही म्हणे. अक्का, ज्या जीपवर तू आणि दाजींनी गॅरेज उभं केलं, ती भंगारात जाणार आणि तू काही बोलली नाहीस, हे मला पटत नाही.

मी दहिवलीच्या सुलेमानभाईंना बोलावून जीप दाखवली. ते जुने वेल्डर, दाजींना ओळखायचे. ते म्हणाले, इंजिन ठणठणीत आहे, चासी चांगली आहे, पण रेडिएटर ज्या लोखंडी चौकटीत बसतो तो सपोर्ट गंजून संपला आहे. मी बोट लावून पाहिलं तर बोट आरपार गेलं. तो बदलला तर गाडी पास होईल. नवी चौकट ते जोडून देतील, पण खोलायला आणि बसवायला त्यांना वेळ नाही. कर्जतातले दोन मेकॅनिक येऊन बघून गेले आणि एवढ्या जुन्या गाडीच्या नादी लागू नका म्हणाले. तेव्हा ते काम मी करायचं ठरवलं आहे.

हस खुशाल. फणसाची गोष्ट मीही विसरलेलो नाही. पंचाण्णवच्या मे महिन्यात दहिवलीला बाबांच्या अंगणात मी ह्याच जीपमध्ये बसलो, ती उतारावरून फणसावर नेऊन घातली, रेडिएटर फुटला, आणि बाबा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले की ह्याच्या हाताला खडूच शोभतो, ह्याने पुन्हा लोखंडाला हात लावायचा नाही. त्यानंतर लावला नाही. एकसष्ट वर्षांचा झालो, घरातला फ्यूज अजून तुझी भावजय सुरेखाच बदलते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, बाबाही राहिले नाहीत. हा हात खरंच कशाचा नाही का, ते मला एकदा बघायचं आहे, आणि ह्याच गाडीवर बघायचं आहे.

तू सांगत जा, मी करत जाईन. तुझी माया आहे म्हणूनच एवढं धाडसाचं लिहिलं.

तुझा
साईनाथ


॥ श्री ॥
खालापूर
२९ सप्टेंबर २०२४

चि. साईनाथ यास अ. उ. आ.
सुरेखालापण आशीर्वाद सांग.

तुजं पत्र दोनदा वाचलं. पयल्यांदा एवढी हसले की सुनील सैपाकघरातनं बघायला आला. गॅसचं बिल वाचतेय बोलले.

सुनीलवर रागवू नको रं. पोरगं कंपनीतनं पाळी करून येतं, मला भाकरी थापून देतं. त्याचं म्हणणं, मामाकडं ती गाडी बघितली की आई दिवसभर गप बसते, मग ठेवायची कशाला. खोटं नाय ते. तुजे दाजी गेल्यापासनं मी गॅरेजचं शटर वर केलं नाय. तो भंगारवाल्याचं बोलला तवा मला काय सुचलंच नाय, म्हणून बोलले नाय.

तुला आता लिवणार होते की सोड हा नाद. पण पेन हातात घेतलं आणि मनात आलं, ह्यो मास्तर गंजलेल्या बोल्टाला सरळ पाना लावंल आणि तोडून ठेवंल. म्हणून लिवते.

पयलं, गाडी धू. मग जेवढे बोल्ट दिसतील तेवढ्यांवर डिझेल सोड. सकाळी सोड, संध्याकाळी सोड, असे दोन दिवस. तोवर पान्याला हात लावायचा नाय. तिसऱ्या दिवशी थोडं सैल कर, थोडं परत आवळ, परत सैल कर. बोल्ट सुटत नसंल तर तू चहा पी, तो कुठं जात नाय. जे निघंल ते वेगळ्या डबीत, आणि डबीवर लिवून ठेव कुठलं हाय ते. लिवणं तर तुला येतंच. रेडिएटरातलं पाणी आधी खालच्या नळीनं काढ, मग रबरी नळ्या सोडव. रेडिएटर उचलताना पोटाशी धर, त्याच्या पात्यांना ढोपर लावू नको.

फणसाचं आता काय काढलंस. जुनं झालं ते.

माजा गुडघा बरा हाय. शटरपर्यंत चकरा मारत नाय, खिडकीतनं बघते फक्त. माया करतोस तशीच करत राहा, आणि हात जपून वापर.

सुनंदा


॥ श्री ॥
भिसेगाव
५ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

कळवण्यास अत्यंत आनंद होतो की तुझ्या भावाने अठरा बोल्ट काढले असून त्यांतला एकच तोडला आहे. तोही सुलेमानभाईंच्या मते तुटणारच होता. तू सांगितल्याप्रमाणे दोन दिवस डिझेल पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाना लावला आणि जोर करून करून घाम फुटला तरी बोल्ट हलेना. सुरेखा तुळशीला पाणी घालत होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं की तुम्ही तो सोडवताय की आवळताय. मी आवळत होतो. हे तू कुणाला सांगू नकोस.

पण पहिला बोल्ट सुटला ना, तेव्हा मी तो तळहातावर घेऊन घरभर दाखवत फिरलो. छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यांच्या पहिल्या जोडाक्षराला आयांना एवढा आनंद का व्हायचा ते मला परवा कळलं.

नंतर पाणी काढायला खाली आडवा झालो आणि तोटी माझ्या तोंडावरच उघडली. हिरवट गंजाचं पाणी थेट सदऱ्यावर. निरोप समारंभाला शाळेने दिलेला पांढरा सदरा. सुरेखाने तो आता पुसायला टाकला आहे, आणि गाडीखाली जाताना घालायला माझा जुना लेंगा काढून दिला आहे. रेडिएटर मात्र आम्ही दोघांनी मिळून पोटाशी धरून उतरवला आणि गोधडीवर निजवला. एकही पातं वाकलं नाही.

डब्या ओळीने मांडल्या आहेत. प्रत्येकीवर जागा, बाजू आणि तारीख. फक्त एक गोष्ट कुठे लिहावी ते कळलं नाही. बॉनेट बंद ठेवायला तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होतीत, ते लॉकमध्ये बसत नव्हतं का? दाजींसारखा कामाचा माणूस आणि बॉनेट ट्यूबने बांधलेलं, मला नवल वाटलं. ती पट्टी वेगळ्या डबीत ठेवली आहे.

जुनी चौकट आता उघडी पडली आहे. खालची पट्टी तर पापडासारखी मोडते. आता पुढे काय ते सांग. दसऱ्याला अवजारांची पूजा करणार आहे, आयुष्यात पहिल्यांदा. तुझ्या आशीर्वादावर पाना चालतो आहे, तो असाच चालत राहावा.

तुझा
साईनाथ

ता. क. सुनीलला कळलेलं नाही. त्याने फोन केला तेव्हा मी बागकाम करतो आहे म्हणून सांगितलं.


॥ श्री ॥
खालापूर
८ ऑक्टोबर २०२४

चि. साईनाथ यास अ. उ. आ.

लेंग्यात गाडीखाली शिरलेला मास्तर मला डोळ्यापुढं दिसला आणि दिवस बरा गेला. सुरेखाला सांग, तिच्याकडनं पाना घेऊ नको, तिच्याकडं दे.

आता नीट वाच. जुनी चौकट काढण्याआधी दोन्ही मडगार्डांच्या मधी एक आडवी फळी बांध, नायतर चौकट निघाल्यावर मडगार्ड फाकतात आणि मग काय केल्या बसत नाय. मग माप घे. उभं, आडवं आणि दोन्ही कर्ण. कर्ण तर तू पोरांना शिकवलेस. दोन्ही कर्ण एकसारखे आले पायजेत. तिथं चूक झाली तर पुढं सगळंच चुकतं. मापं कागदावर काढ आणि मग सुलेमानभाईला अँगल कापायला दे. नवी चौकट आल्यावर गंज धरू नये म्हणून रेडॉक्साइड मारायला विसरू नको, दोन हात.

आमच्याकडं दसऱ्याला सुनीलनं अवजारांची पेटी काढून दिली तर मीपण हळदकुंकू लावीन. दोन वर्षं लावलं नाय.

सुरेखा, तू आणि जीप, तिघांवर माजा जीव हाय.

सुनंदा


॥ श्री ॥
भिसेगाव
१४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

दसऱ्याला पान्यांना झेंडू वाहिले, जीपला तोरण बांधलं, आणि त्यानंतर दोन दिवसांत माझी फजिती झाली. सविस्तर लिहितो.

फळी बांधली. जुनी चौकट काढण्याआधी मापं घेतली. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा दोन सेंटीमीटर मोठा. मी तीन वेळा मोजला. मग मला वाटलं, गाडीची रचनाच तशी असेल, कंपनीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून रायगड जिल्ह्याच्या भिंतीवरच्या नकाशाच्या पाठीवर चौकट होती तशीच्या तशी उतरवली, रेघ न रेघ, भोक न भोक, आणि खाली मापं सुवाच्य अक्षरात लिहिली. सुलेमानभाईंनी नकाशा बघून एवढंच म्हटलं की मास्तर, इतकं स्वच्छ चित्र मला आजवर कुणी दिलेलं नाही. त्यांनी त्याबरहुकूम चौकट जोडून दिली. मी दोन हात रेडॉक्साइड मारला. काल बसवली.

बोल्ट सगळे बसले. बॉनेट खाली केलं तर डाव्या बाजूला बोटभर वर. दाबलं, बसलो, सुरेखालाही बसवलं. काही उपयोग नाही. रेडिएटरही किंचित तिरका दिसतो. ट्यूब बांधून चालवता येईल, पण सुलेमानभाई म्हणाले की बांधलेलं बॉनेट बघून पासिंगवाले गाडी परत पाठवतील. पेणच्या आरटीओत २८ तारीख मिळाली आहे. चौदा दिवस उरले.

आणि अजून एक. जुनी चौकट अंगणात ठेवून मी नीट पाहिली. डाव्या वरच्या कोपऱ्यात ती वाकलेली आहे, आणि वाकाच्या आत वेल्डिंगचा जुना टाका आहे, वरून निळा रंग मारलेला. मला आधी वाटलं, हे माझ्या फणसाचंच. पण अक्का, मी फणसाला धडकलो तो उजव्या बाजूने. उजवा दिवा फुटला होता, त्याची काच बाबा दुसऱ्या दिवशीही वेचत होते. मग डावा कोपरा कशाने वाकला? आणि टाका कधी मारलात? तुला आठवत असेल तर कळव, म्हणजे पुढच्या वेळी माप कशावरून घ्यायचं ते मला समजेल.

उत्तराची आतुरतेने वाट बघतो. तू नेहमी सांभाळून घेतलंस, ह्याही वेळी घे.

तुझा
साईनाथ


॥ श्री ॥
भिसेगाव
१८ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

चार दिवस मनोज रिकाम्या हाताने येतो. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, मावशी दारात उभ्या असतात, पण उद्या ये म्हणतात. गुडघा दुखतो आहे का? सुनीलला कळलं का? माझं काही लिहिणं लागलं असेल तर तसं सांग. जीप तशीच पडून आहे. दहाच दिवस राहिले आहेत.

तुझ्या दोन ओळींचाही मला आधार आहे.

साईनाथ


॥ श्री ॥
खालापूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. साईनाथ यास आशीर्वाद.

चार पत्रं लिवली आणि चुलीत घातली. आता ह्यो पाचवा कागद.

तो डावा कोपरा मी वाकवला. पंचाण्णव सालीच, फेब्रुवारीत. गाडी नवी होती. तुजे दाजी मला शिकवायचे, आणि मला चांगली येत होती. माजे सासरे त्याच्या विरोधात होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं की गाडीला एक ओरखडा आला तर सुनेनं परत स्टेरिंगला हात लावायचा नाय. पाताळगंगेच्या पुलावर समोरनं ट्रक आला, मी कडेला घेतली आणि कठड्याला डावी बाजू बसली. दोगं गप घरी आलो. सासरे गावाला गेले होते तेवढ्या दोन दिवसांत दाजींनी चौकट घाईघाईत ठोकली, टाका मारला, निळा रंग लावला. ती सरळ कदी झालीच नाय, म्हणून बॉनेटला ट्यूब.

मेमधी तू दहिवलीला फणसावर गेलास तो किती जोरात? चालत्या माणसाएवढ्या. तुजा दिवा फुटला फक्त. रेडिएटर फुटला तो आमचा टाका सुटला म्हणून, मागनं तो परत मारला. मी तिथं उभी होते रं. दाजींनी माज्याकडं बघितलं. बाबा तुला बोलत होते आणि मला बोलायचं होतं, पण सासरे पण त्याच पाहुण्यांत बसले होते. मी मान खाली घातली. माजा हात वाचला आणि तुजा गेला. मग गॅरेज झालं, मी तीस वर्षं गाड्या चालवल्या, ठोकल्या, लोकांनी नाव घेतलं, आणि तू सायकलपण हातात धरून चालायचास. दर भाऊबीजेला ठरवायची की ह्या वेळी सांगते. सांगितलं नाय. मला लाज वाटते. कान गेले तवा वाटलं, बरं झालं, आता कुणी विचारलं तरी ऐकू येणार नाय.

तुला काय बोलायचं ते बोल. पण जीप सोडू नको. तुजी चूक एवढीच, की तू वाकडं होतं ते बरोबर समजून सुंदर अक्षरात उतरवलंस. पोरानं तसं केलं तर तू मार्क देशील का? जुन्यावरनं माप घ्यायचं नाय. खाली चासीवर कंपनीची दोन भोकं हायत, उजवीकडं एक, डावीकडं एक. ती वाकत नायत, हलत नायत. कर्ण तिथनं घे. मनोजकडं उभं सरळ बघायला दाजींचा ओळंबा आणि काटकोन बघायला गुण्या दिलाय, सुनील पाळीला गेल्यावर पेटीतनं काढला. नव्या चौकटीच्या डाव्या उभ्या पायाची खालची पट्टी कापून काढ, पाय ओळंब्यात उभा कर, मग सुलेमानभाईला तिथंच टाका मारायला सांग. बोल्टाची भोकं नवी पाडावी लागतील. कानशीनं घासत बस, घाई नको.

माया मागायचं तोंड नाय मला. तू ठरव.

सुनंदा


॥ श्री ॥
भिसेगाव
२४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जीपकडे गेलो नाही. राग आला होता. तुला खोटं कशाला लिहू? दोन हजार तीन साली बाबांच्या छातीत दुखायला लागलं, दाजी जीप आमच्या दारात ठेवून पनवेलला गेले होते, आणि मी रिक्षा शोधत स्टेशनपर्यंत पळत गेलो. बाबा वाचले, पण ती धाव मी विसरलेलो नाही. किल्ली खुंटीला होती, अक्का. मला ती घेता आली असती.

सुरेखाने माझ्या हातातून पत्र घेऊन वाचलं. ती म्हणाली की तुमच्या बहिणीने चार कागद जाळून पाचवा पाठवला, ती तो जाळू शकली असती. मग तिने ओळंबा माझ्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकाला निघून गेली. तो दाजींचा ओळंबा, दोरीला अजून त्यांच्या हाताचं काळं आहे. मी तो हातात घेतला. सासऱ्यांसमोर मान खाली घालून उभी असलेली तू तेव्हा छत्तीस वर्षांची होतीस, आणि तुझ्याजवळ तुझं म्हणावं असं ते एक स्टेरिंगच होतं. हे मनात आल्यावर राग बराच उतरला. सगळा उतरला असं लिहीत नाही. राहिलेला भाऊबीजेच्या जेवणात वसूल करीन.

आता कामाचं. चासीवरची भोकं चिखलाखाली सापडली. तिथून कर्ण घेतले, तर नवी चौकट डावीकडे बरोबर तेवढीच वाकडी, जेवढी मी निष्ठेने उतरवली होती. डाव्या पायाची पट्टी हॅक्सॉने कापली. दोन तास लागले आणि तीन पाती गेली. पाय ओळंब्यात आणला, गुण्या लावला, शिकंज्याने धरला, आणि सुलेमानभाईंनी येऊन टाके मारले. ते म्हणाले की मास्तर, आता हे तुमचं चित्र नाही, हे काम आहे. काल दिवसभर भोकं पाडली आणि कानस चालवली. हाताला फोड आले आहेत. मी ते सारखे बघतो आहे.

आज सकाळी रेडिएटर बसवला, नळ्या जोडल्या, पाणी भरलं, थेंबभरही गळलं नाही. मग बॉनेट हातभर उंचीवरून सोडलं. खट असा एकच आवाज झाला आणि ते दोन्ही बाजूंना एकसारखं बसलं. मी परत उघडलं, परत सोडलं. अकरा वेळा. शेवटी सुरेखा म्हणाली की आता ते मोडेल. तुला तो आवाज ऐकू आला नसता, म्हणून लिहून कळवतो.

माया मागायची नसते, ती आपली आहेच.

तुझा
साईनाथ


॥ श्री ॥
भिसेगाव
२९ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

पास.

हा एवढाच शब्द लिहून पाकीट बंद करणार होतो, पण सुरेखा म्हणाली की अक्कांचा जीव टांगणीला आहे, सगळं लिहा.

काल पहाटे निघालो. सुलेमानभाई गाडी चालवत होते, मी शेजारी, मांडीवर डब्यांमधले उरलेले बोल्ट. पेणला आमच्यापुढे अकरा गाड्या होत्या. साहेब तरुण होते. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितला, मग बॉनेट उघडून पुढची चौकट हाताने हलवून पाहिली. ती हलली नाही. बॉनेट सोडलं, खट झालं. मग त्यांनी वाकून टाके बघितले आणि विचारलं की हे कुठल्या गॅरेजचं काम आहे. सुलेमानभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, खालापूरला माझ्या बहिणीचं गॅरेज आहे, तिथलं. साहेब म्हणाले, तुमच्या बहिणीला सांगा, काम नीट आहे. म्हणून सांगतो आहे. पाच वर्षांचा शिक्का मिळाला.

अजून एक बातमी आहे, ती सुरेखालाही परवा कळली. सुलेमानभाईंची मुलगी नमिरा दहिवलीला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. तिथे बसून मी परीक्षा दिली आणि मला शिकाऊ परवाना मिळाला. पंधरापैकी पंधरा. गाडीला पुढेमागे शिकाऊचं लाल ‘एल’ अक्षर चिकटवलं आहे, मीच कापलं, वळणदार आलं आहे. सुलेमानभाई शेजारी बसून रोज संध्याकाळी मला मैदानात फिरवतात. ते कलमा पुटपुटत असतात, मी पाढे.

भाऊबीजेला रविवारी दुपारी बाराला मी येतो आहे. एसटीने नाही. सुनीलला सांगू नकोस; एक तारखेला भंगारवाला आला की दिवाळीनंतर ये म्हणून त्याला परत पाठवतो. ओवाळणीचं ताट मोठं घे, मिस्त्रीच्या हाताला फोड आहेत, लहान ताटात मावायचे नाहीत.

तुझा लोभ आता दारात येऊनच घेतो.

साईनाथ


॥ श्री ॥
खालापूर
६ नोव्हेंबर २०२४

साईनाथ मिस्त्री यांस,
सुनंदाचा स. न. वि. वि.

चि. लिवलं नाय. मिस्त्रीला चि. लिवत नाय. लहान असलास तरी.

भाऊबीजेला सगळ्यांच्या गर्दीत तुज्याशी नीट बोलता आलं नाय, म्हणून लिवते. तू यायच्या आधी मी ओसरीवर खुर्चीत बसले होते. मला ऐकू येत नाय, पण खुर्चीच्या हातावर माजा हात होता आणि तो थरथरायला लागला. ती थरथर मला ठाऊक हाय. तीस वर्षं मी त्या इंजिनावर हात ठेवून कामं केली. सुनीलला बोलले, बाहेर बघ, तुजा बाप आला. तो घाबरला, त्याला वाटलं आईला काय झालं.

तू वळणावर दोनदा गाडी बंद पाडलीस ते मी बघितलं. बोलणार नवते, पण बघितलं.

सुनील जीपच्या भोवती तीन वेळा फिरला. खाली वाकून चौकट बघितली, बॉनेट उघडलं आणि लावलं. मग भंगारवाल्याला फोन लावला आणि सांगितलं की परत येऊ नको. मला जवळ येऊन खुणेनं विचारलं, कुणी केलं? तवा मला राहवलं नाय. ओवाळायच्या आधीच बोलले. सुरेखा होती, सुलेमानभाई होते, शेजारच्या बायका होत्या, माज्या सासरचे दोन चुलत दीर होते. सगळ्यांसमोर सांगितलं की पंचाण्णव साली कठड्याला गाडी मी घातली आणि बोलणी माज्या भावानं खाल्ली. एकोणतीस वर्षं. कुणी काय बोललं असंल ते मला ऐकू आलं नाय, आणि ऐकायचं पण नवतं. तू तेवढा ताटासमोर बसून रडलास. मी पण रडले, पण निरांजन हलू दिलं नाय.

तू मला दिलेली साडी ठेवून दिली. मी तुला काय दिलं ते तू घरी जाऊन उघडलंस का? दाजींचा पान्यांचा संच हाय. पुसून, तेल लावून दिलाय. वापर, पेटीत ठेवू नको.

काल सकाळी सुनील पाळीला गेला आणि मी शटर वर केलं. भिंत धरून गेले, डॉक्टरला सांगू नको. आत जाळी झालीयत आणि एक मांजर व्यालंय. दुपारी शाळेच्या व्हॅनचा डायवर येऊन गेला. तुजी गाडी रस्त्यात बघितली बोलला, हातानं खुणा करून. त्याच्या व्हॅनचापण तोच सपोर्ट गंजलाय. मी पाटीवर लिवून दिलं की पंधरा तारखेनंतर आण. हातोडी मी धरीन, खाली आडवं व्हायला मिस्त्री येईल कर्जतहून. माप चासीवरनं घ्यायचं, लक्षात हाय ना?

पण त्याच्या आधी एक काम हाय. सुरेखा बोलली की दहिवलीचा फणस अजून उभा हाय आणि यंदा भरपूर लागला होता. मला पंधरा तारखेला गाडीत बसायची मोकळीक मिळते. त्या दिवशी सुलेमानभाईला मागं बसव, मी पुढं तुज्या बाजूला बसते, परवाना माजा पण चालू हाय. अंगणात उतारावरनं जीप तू ने आणि फणसाच्या हातभर अलीकडं उभी कर. बाबा नायत, पावणे नायत, सासरे नायत. त्या दिवशी जे बघत होते त्यांतला तेवढा एक फणसच राहिलाय, त्याला दाखवू.

ब्रेक जपून दाब. माया आपली हायच, तूच लिवलंस.

तुजी
सुनंदा